ग्रॅनोला गार होईपर्यंत

माझी मुलगी पुण्याची नोकरी सोडून अंबडला परत आली, तेव्हा लोकांना सांगायला मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, तब्येतीला जरा आराम हवा म्हणून आलीय. खरं म्हणजे तिनं जेवण सोडलं होतं. भांडून, रुसून नाही. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि धीर धरा म्हणाले. धीर काय किराणा दुकानात मिळतो? ही पोरगी माझ्या हातून जाणार, एवढी एकच भीती मला दिवसभर पोखरायची.

दालबाटी झाली, गट्ट्याची भाजी झाली, लहानपणी आवडायचे ते दूधपोहे झाले. ताट घेऊन मी सारखी तिच्या दारात उभी. एका दुपारी तीच म्हणाली, "मम्मी, ग्रॅनोला कर ना. पण कुरकुरीत पाहिजे." ओट्स आणि सुकामेवा गोडात भाजलेला तो खाऊ पुण्यात रोज सकाळी दह्यात घालून खायची म्हणे. तिनं आपणहून काहीतरी मागितलं, याचाच मला इतका आनंद झाला की स्वयंपाकाच्या साडीतच मी बाजारात पळाले.

ओट्स मिळाले. मध आम्हा जैनांच्या घरात येत नाही, म्हणून चिक्कीचा गूळ घेतला. तो तुपात वितळवून ओट्स, बदाम आणि भोपळ्याच्या बियांवर ओतला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. खमंग वास सुटला. पण ट्रे बाहेर काढेपर्यंत ऊन उतरलं होतं. दिवस मावळल्यावर आमच्याकडे कुणी खात नाही आणि खायचं काही उघडंही ठेवत नाही, त्यात जीवजंतू पडतात. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "झाकून टाक जल्दी, दिवस चालला." मी सगळं गरम गरमच डब्यात भरलं आणि झाकण दाबून बसवलं. आत वाफ धरली. सकाळी डबा उघडला तर नुसता चिकट लगदा. पोरीनं एक चमचा खाल्ला, मऊ पडलं म्हणाली आणि वाटी सरकवली.

मी सासूबाईंवर चिडले, सूर्यावर चिडले, त्या डब्यावरही चिडले. दुसऱ्या खेपेला सकाळीच करायला घेतलं, पण हात चिवड्याच्या सवयीचा. गार होईपर्यंत सारखी हलवत बसले आणि सगळ्याचा भुगा झाला. तिनं तो चाखलाही नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र ट्रे ओट्यावर ठेवला आणि हात पदरात गुंडाळून नुसती समोर बसले. भर दुपारी गार झाला. ग्रॅनोला मोडला तर कडकन आवाज आला.

वाटी घेऊन तिच्याजवळ गेले. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. तो चावल्याचा आवाज ऐकून मला रडू फुटायचं बाकी होतं. बराबर झालाय का, मी विचारलं. तिनं मान डोलावली आणि वाटी उशाशी ठेवून दिली. अजून एक घे ना, मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं.

ती उठून बसली. "मम्मी, मला हे खायचंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "तू दारात उभी राहून बघत राह्यलीस की मला रडताबी येत न्हाई. काही करायला सांगितलं की तू तेवढा वेळ तिकडं राहतीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी भांडले तरी असते. मी तिला वाचवायला धडपडत होते, आणि तिला माझ्या नजरेतून सुटका हवी होती. वाटी उचलावी की राहू द्यावी, तेही मला सुचेना.

"मंग उद्या काय करू?" मी विचारलं.

ती पुन्हा भिंतीकडे वळली. "लय वेळ लागतो असं काहीतरी," ती म्हणाली.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.