वेगळ्या पातेल्याचे सहा युरो

देल्फीना क्रुचानी आमच्या गावात कुणालाच आवडत नव्हती, आणि मलाही नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर सगळेच गोड बोलतात. ही बाई धडधाकट जिवंत आहे, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही.

चौतीस वर्षं ती टपाल कचेरीच्या खिडकीत बसली. फॉर्मवर काळ्याऐवजी निळी शाई दिसली की परत. शिक्का अर्धवट उमटला की परत. माझी आई वारली तेव्हा तिचं बचतखातं बंद करायला मी गेले, तर मला तीन खेपा घालायला लावल्या. तिसऱ्या खेपेला चष्मा सावरत म्हणाली, "नाझारेना, तुमच्या सहीचा शेवटचा फाटा चौकटीबाहेर गेलाय." आईची माती अजून ओली होती. तेव्हापासून ती बाई समोरून आली की मी रस्ता बदलायची.

दिसायला काडीसारखी, चेहरा पांढराफटक, आणि पोट कायम बिघडलेलं. लहानपणापासून डॉक्टर सांगत आले, पोटाला जड नको, कोरडा पाव खा. ती नेमानं कोरडा पाव खात राहिली, तो आणखी बिघडवत राहिला, आणि डॉक्टर म्हणत राहिले की आणखी खा. अठ्ठावन्नाव्या वर्षी माचेराता शहरातल्या एका पोरसवदा डॉक्टरणीनं रक्त तपासलं आणि सांगितलं, बाई, तुम्हाला गहूच चालत नाही. त्यातलं ग्लुटेन तुमची आतडी खातंय. कणभरसुद्धा चालणार नाही. उभा जन्म जे औषध म्हणून घेतलं, तेच विष निघालं. यावर गावानं काय केलं? गाव हसलं. बाई आता जेवणाचेही फॉर्म परत पाठवणार, म्हणाले.

रोमहून सरकार असल्या लोकांना दरमहा कुपनं पाठवतं, त्यांत वेगळा पाव, वेगळं पीठ मिळतं. पण कुपनं काही जेवणाच्या पंगतीत शेजारी बसत नाहीत. भावाकडचं रविवारचं जेवण तिला सोडावं लागलं, कारण तिची वहिनी योले दर वेळी ताटलीत गव्हाच्या थरांच्या लाझान्याचा तुकडा सरकवायची आणि म्हणायची, "एवढ्याशानं काय मरणार आहेस? लहानपणी खात होतीस की!" राहिला फक्त गुरुवार. गुरुवारी दुपारी टपाल कचेरीतल्या तीन निवृत्त मैत्रिणींबरोबर ती ओरेस्तेच्या खानावळीत जेवायची. तेवढं एक टेबल तिच्या वाट्याचं उरलं होतं. ते टिकवण्यासाठी तिनं काहीही केलं असतं.

ओरेस्तेला हे बरोबर कळलं होतं. पैशाचा वास त्याला बदकाच्या रश्श्याच्या वासाआधी येतो. तालुक्याच्या गावी कुणीतरी त्याला सांगितलं की या आजाराचे लोक दुप्पट पैसे मोजतात आणि वर आभारही मानतात. दुसऱ्याच दिवशी त्यानं एक निळं एनॅमलचं पातेलं आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, गिऱ्हाइकांना नीट दिसेल असं खिळ्याला टांगलं. खाली पाटी लावली: ग्लुटेनविरहित जेवण, वेगळं पातेलं, वेगळा झारा, माणशी सहा युरो जादा. टेबलावर बसण्याचे दोन युरो तर तो आधीपासून घेतच होता. लोक येता-जाता पातेल्याकडे बघून म्हणायचे, ओरेस्ते, तुझं काळीज मोठं हो! तो मान खाली घालून म्हणायचा, "काय करणार, आजारी माणसाला कसं नाही म्हणायचं?"

मी त्याच्याकडे अकरा वर्षं भांडी घासत होते. मोठी पातेली यंत्रात मावत नाहीत, ती हातानंच घासावी लागतात, आणि ती सगळी माझ्याच हाताखालून जायची. पहिला गुरुवार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, पण निळं पातेलं काही मोरीत आलं नाही. ते खिळ्यावरून उतरायचंच नाही. उतरवायचे ते मीच, दर शनिवारी, वरची धूळ पुसायला.

ते वापरायचं कसं? शेगडीला चार चुली, गुरुवारी साठ माणसं, आणि गुरुवारी आमच्याकडे न्योक्कीशिवाय, त्या बटाटा-पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांशिवाय, दुसरं काही कुणी मागत नाही. एका बाईच्या वाटीभर न्योक्कीसाठी एक चूल कोण अडवून ठेवणार? ओरेस्तेची बायको जेम्मा स्वयंपाक करायची. ती देल्फीनाबाईंच्या तांदळाच्या पिठाच्या न्योक्की दुकानातून आणायची, एवढं मात्र खरं. मग त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर मूठभर गव्हाचं पीठ भुरभुरवायची, आणि ज्या पाण्यात सकाळपासून गव्हाच्या न्योक्की शिजून पाण्याची खळ झाली होती, त्यातच सोडायची.

एकदा मी म्हटलंसुद्धा, "जेम्मा, अगं तिला कणभरही चालत नाही म्हणे."

जेम्मा झारा हलवत म्हणाली, "पाणी उकळतंय ना? उकळत्या पाण्यात सगळं मरतं."

तिला ते गहू म्हणजे जंतू वाटत होते. तिला कपटी म्हणणार नाही. तेवढी अक्कल असती तर ओरेस्तेशी लग्न केलं नसतं. पण मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बसले. नोकरीची भीती होती. पण खोटं कशाला बोलू, त्या सहीच्या फाट्याची आठवणही होती. भोगा म्हटलं थोडं, आम्हाला कमी खेपा घालायला लावल्या नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी बाईंचं पोट फुगायचं, शुक्रवार अंथरुणात जायचा, शनिवारी भिंतीला धरून बाजारात यायच्या. त्यांनी एक वही घेतली आणि खाल्लेला प्रत्येक घास लिहायला लागल्या. घरातले लाकडी चमचे जाळले. कपाटातले कागद बदलले. टूथपेस्ट फेकली, ओठांना लावायचं मलम फेकलं. चर्चमध्येही वेगळी सोय करून घेतली. पाद्रीबाबा त्यांचा प्रसाद वेगळ्या डबीत ठेवायचे आणि हात धुऊन द्यायचे. एका म्हाताऱ्या पाद्र्याला जे फुकट जमलं ते ओरेस्तेला सहा युरो घेऊन जमलं नाही. पण बाईंचा संशय गुरुवारच्या जेवणावर कधीच गेला नाही. वहीत त्या लिहायच्या: ओरेस्तेकडे, वेगळं पातेलं, पावती जोडली आहे. जन्मभर पावत्या फाडलेल्या बाईचा पावतीवर देवापेक्षा जास्त विश्वास. पैसे भरले, पावती मिळाली, म्हणजे काम झालंच असणार!

वर्षानं रक्ताचा आकडा कमी व्हायचा तो वाढूनच आला. डॉक्टरीण चिडली. म्हणाली, "सिन्योरा, तुम्ही चोरून खाताय. असंच चाललं तर पुढच्या खेपेला मला आतड्यात वेगळंच काही शोधावं लागेल." ही गोष्ट योलेला कळली, आणि योलेला कळली म्हणजे गावाला कळली. मग काय, आयतं कोलीत! बेकरीवाल्यानं शपथेवर सांगितलं की बाईंना त्यानं पिशवीत पाव दडवताना पाहिलं. ज्यांना ज्यांना तिनं खिडकीतून परत पाठवलं होतं, त्यांनी सगळ्यांनी तिला कुठे ना कुठे पाव खाताना पाहिलं. बाई चोरटी ठरली. गावानं हसावं याचं तिला आयुष्यात कधी काही वाटलं नव्हतं, पण खोटारडी म्हणवून घेणं तिला सोसवेना.

चौदा महिने झाले असतील. एका गुरुवारी चौघी बसल्या होत्या. वाढणारी पोरगी आजारी, म्हणून ताटल्या मी नेत होते. अमेदेआ म्हणून त्यांच्यातली एक जाडजूड बाई आहे, पूर्वी पार्सलं तोलायची. ती डोळे मिचकावत म्हणाली, "देल्फीना, आता आपल्या आपल्यात सांग. गुपचूप खातेस ना गं पाव? आम्ही नाही कुणाला सांगत."

"नाही," देल्फीनाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. "यात सगळं लिहिलंय. वाच हवं तर."

"वहीत काय, कुणीही काहीही लिहील," अमेदेआ म्हणाली, आणि बाकीच्या दोघी खुदखुदल्या.

तेवढ्यात ओरेस्ते हात पुसत आला. देल्फीनाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्याकडे तर सिन्योरांची राणीसारखी बडदास्त! वेगळं पातेलं, वेगळा झारा. आता घरी जाऊन दार लावून काय खातात, ते देवालाच ठाऊक!"

टेबल हसलं. शेजारचं टेबलही हसलं. देल्फीनाबाईंनी वही मिटली आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपासून मी येणार नाही. तुम्हाला माझी अडचण होते."

माझं डोकं फिरलं. माझ्यात काही चांगुलपणा वगैरे जागा झाला नाही. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून तिडीक गेली, एवढंच. मी खिळ्यावरचं पातेलं काढलं आणि त्या चौघींच्या मधोमध पालथं घातलं. बुडाला ना काजळी, ना ओरखडा. दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

"हे कधी चुलीवर चढलंच नाही," मी म्हटलं. "तुमचं जेवण सगळ्यांच्या पाण्यात शिजतं. पहिल्या दिवसापासून."

ओरेस्तेचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. "अगं बाई, हे नवीन आहे! जुन्याचा टवका उडाला, म्हणून गेल्या महिन्यात दुसरं आणलं."

देल्फीनाबाईंनी चष्मा पुढे सरकवला आणि चिठ्ठी वाचली. बारीक अक्षर, पण ते वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. "हे बियांकीच्या दुकानातलं आहे," त्या म्हणाल्या. "बियांकी गेल्या वर्षी मार्चमध्ये दुकान बंद करून मुलाकडे गेला. गेल्या महिन्यात तुम्ही हे त्याच्याकडून कसं आणलंत?"

खिडकीतून जेम्मा ओरडली, "अहो, पण पाणी उकळतं ना! सगळं मरतं त्यात!"

"आजचं जेवण माझ्याकडून," ओरेस्ते म्हणाला. "चौघींचंही. कॉफीसकट!"

आता या तीन मैत्रिणींनी काय करावं? एकीनं तरी ताटली बाजूला सारावी? अमेदेआनं देल्फीनाबाईंकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, म्हणाली, "थंड होतंय बाई," आणि काटा उचलला. दुसऱ्या दोघींनीही उचलला. फुकटचं होतं ना!

देल्फीनाबाईंनी ओरेस्तेला एक शब्द विचारला नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"भांडी तुम्हीच घासता?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला चौदा महिने ठाऊक होतं."

"हो."

"मी टूथपेस्ट फेकली, नाझारेना," त्या म्हणाल्या. "भावाच्या घरी जेवायला जाणं सोडलं. मला वाटायचं, माझंच कुठेतरी चुकतंय."

त्या क्षणी मी नोकरीचं, घरभाड्याचं, सहीच्या फाट्याचं सगळं सांगणार होते. काय सांगायचं होतं त्यात? त्यांनी कोट घातला, वही पिशवीत टाकली आणि गेल्या. रविवारी ओरेस्तेनं मला काढून टाकलं. गावात सांगितलं की पगारवाढ दिली नाही म्हणून हिनं डूख धरला आणि नव्या पातेल्याचा तमाशा केला. अमेदेआला विचारलं तर म्हणते, "मला काही नीट ऐकू आलं नाही बाई, मी जेवत होते." आता खिळ्याला लाल पातेलं टांगलंय. जादा आकार सात युरो.

सहा महिन्यांनी बाईंचा रक्ताचा आकडा उतरला. चांगला निम्म्यावर आला. गाल जरा भरलेत, बाजारात भिंत न धरता चालतात. गुरुवारी घरीच जेवतात, एकट्या. मला पाहिलं की मान हलवतात, टपाल कचेरीतून हलवायच्या तशीच, कमी नाही जास्त नाही.

परवा बेकरीच्या रांगेत योले माझ्या पुढे उभी होती. बेकरीवाल्याला सांगत होती, "ऐकलंत का? नणंदबाईंचा आकडा उतरला! मी म्हटलं नव्हतं? चोरून खाणं सोडलं एकदाचं!"

मी मोठ्यानं म्हटलं, "ती कधीच चोरून खात नव्हती. ओरेस्ते तिला चौदा महिने गव्हाच्या पाण्यात शिजवून घालत होता. मी दर गुरुवारी पाहत होते."

योले वळली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काहीतरीच काय! खरं असतं तर तू तेव्हाच नसतीस का बोललीस?"

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.