न ऐकता मारलेला ठोका

समजा, तुम्ही एका मोठ्या मंचावर, अगदी शेवटच्या रांगेत उभे आहात. समोर तांब्याचे चार मोठे हंडे, त्यांच्या तोंडावर ताणून बसवलेला पडदा. या वाद्याला टिंपनी म्हणतात. हातात मऊ टोकाच्या दोन काठ्या. तुमच्या पुढ्यात सत्तर माणसं व्हायोलिन, बासऱ्या, पितळी वाद्यं वाजवताहेत आणि तुम्ही नुसतं मोजायचं आहे. एक, दोन, तीन, चार, हा झाला एक बार. असे एकशे बारा बार. मध्येच खोकला आला आणि आकडा निसटला तर संपलं. एकशे तेराव्या बारच्या पहिल्या मात्रेला एकच ठोका मारायचा, सगळ्यांच्या बरोबर.

आता सांगा, तो ठोका कधी माराल? समोर उभं राहून हाताने ताल देणाऱ्या कंडक्टरचा हात खाली आलेला दिसला की, का व्हायोलिन ऐकू आली की?

मी बऱ्याच जणांना हे विचारून बघितलं. बहुतेकांनी ‘ऐकू आली की’ असंच सांगितलं. चाळीसगावचा योगेंद्र आयुष्यभर तेच करत आला होता, आणि त्यामुळेच हातातोंडाशी आलेली ऑर्केस्ट्रातली जागा गेल्या वर्षी त्याच्या हातून जायची वेळ आली.

योगेंद्रचे वडील चिंधा मास्तर. चाळीसगाव, एरंडोल, पार धुळ्यापर्यंत त्यांचा अकरा माणसांचा बँड लग्नाला जातो. मास्तर क्लॅरिनेट वाजवत सगळ्यांच्या पुढे चालतात. साइड ड्रम आणि ढोल सगळ्यांत मागे, नवरदेवाच्या घोड्यापुढे. योगेंद्रच्या पोटावर दहाव्या वर्षी साइड ड्रम बांधला तेव्हा वडिलांनी एकच नियम सांगितला.

“डोया रस्तावर, कान मन्हाकडे.”

नियम बरोबरच होता. पोटावर ड्रम असला की स्वतःचे पाय दिसत नाहीत. उघडी गटार, स्पीडब्रेकर, नुकतीच पेटवलेली फटाक्यांची माळ, यांच्यावर डोळा ठेवावाच लागतो. मास्तरांकडे बघत चालणारा ड्रमवाला दुसऱ्या चौकापर्यंत टिकत नाही. म्हणून चाल कानाने धरायची. क्लॅरिनेट कानात पडली की काडी पडली पाहिजे. योगेंद्र यात इतका तयार झाला की डीजेच्या गाडीशेजारूनसुद्धा तो वडिलांचा सूर नेमका उचलायचा.

पुढे जळगावला कॉलेजात असताना त्याला पाश्चात्त्य संगीताची लिपी शिकवणारे एक शिक्षक भेटले. त्यांनी त्याला मुंबईला पाठवलं. तिथे तो सहा वर्षं राहिला. मुलांच्या शिकवण्या घेतल्या, नाटकांना वाजवलं, आणि एका ऑर्केस्ट्रात लागेल तेव्हा बोलावतात तसा वादक म्हणून त्रिकोण, झांज, मोठा ड्रम असं मिळेल ते वाजवलं. गेल्या वर्षी त्या ऑर्केस्ट्रात टिंपनीची जागा रिकामी झाली. दोन कार्यक्रम परीक्षेचे, त्यानंतर निर्णय. योगेंद्र तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

तालवाद्यांच्या विभागाच्या प्रमुख सोनल मॅडम. परीक्षेच्या कार्यक्रमात त्या स्वतः वाजवत नाहीत, प्रेक्षागृहात मागे बसून ऐकतात. पहिला कार्यक्रम झाल्यावर त्यांनी योगेंद्रला बाजूला घेतलं.

“तू मागे पडतोयस.”

“कुठल्या बारला, मॅडम?”

“सगळ्याच.”

योगेंद्रला वाटलं त्या थट्टा करताहेत. “पण मला बरोबर ऐकू येत होतं. एकूण एक ठोका बरोबर होता.”

“तेच तर. ऐकू नकोस, बघ.” त्या पर्स उचलून निघाल्या आणि दारात थांबल्या. “दोन आठवडे आहेत. दुसऱ्या वेळी पण असंच झालं तर मी तुझ्यासाठी भांडू शकणार नाही, योगेंद्र.”

तो चाळीसगावला आला तेव्हा आणखी एक पेच वाट बघत होता. धुळ्याला पोलीस बँडची भरती निघाली होती. वयोमर्यादेमुळे त्याची ही शेवटचीच संधी होती, आणि अर्जाची शेवटची तारीख मुंबईच्या कार्यक्रमाच्या तीन दिवस आधीची. मास्तरांनी जाहिरातीचं कात्रण आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं. दाढी करताना ते त्याला दिसणारच.

“दोन्हीकडे पाय ठेवता येतो,” धाकटी बहीण ज्योती म्हणाली. ती जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली.

“अर्जानंतर लगेच दोन दिवसांत चाचणी आहे, आणि तेव्हाच मुंबईच्या तालमी. आणि आधी मी मागे का पडतोय ते कळू दे.”

“तू मांगे?” मास्तरांनी पेपर खाली ठेवला. “मन्हा हात खालना माणूस मांगे पडत नही. त्या बाईले सांग, चाळीसगावले ये म्हणा.”

ज्योतीने वाद घातला नाही. तिला मोजून बघायचं होतं. गावाबाहेरचं जिनिंग कापसाचा हंगाम संपल्यामुळे बंद होतं. राखणदार रुपचंदभाऊ मास्तरांचे जुने दोस्त, त्यांनी शेड उघडून दिली. सकाळी सातला तिघं तिथे पोचले. एका टोकाला मास्तर क्लॅरिनेट घेऊन, वीस मीटरवर योगेंद्र साइड ड्रम घेऊन. ज्योतीने एक मोबाइल वडिलांच्या पायाशी ठेवला, दुसरा भावाच्या.

“नेहमीसारखं वाजवा,” ती म्हणाली.

मास्तरांनी वरातीतली साधी चाल घेतली. योगेंद्रने नेहमीसारखी धरली. दोन मिनिटांत संपलं.

आधी योगेंद्रजवळचा मोबाइल लावला. सूर आणि ठोका घट्ट चिकटलेले.

“सांगं ना मी,” मास्तर म्हणाले.

मग त्यांच्या पायाशी ठेवलेला लावला. ज्योतीने हेडफोन आधी भावाला दिला. त्याने ऐकलं. सूर, मग ठोका. सूर, मग ठोका. एक बारीक फट. आणि ती फट प्रत्येक मात्रेला.

हिशोब अवघड नाही. आवाज एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. वडिलांचा सूर वीस मीटर जाऊन योगेंद्रपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. तो ऐकून योगेंद्र काडी मारतो. त्या काडीचा आवाज परत वीस मीटर यायला पुन्हा तेवढाच वेळ. जाताना एकदा उशीर, येताना पुन्हा एकदा. मिळून सेकंदाचा जेमतेम नववा भाग, पण ताल जाणणाऱ्या कानाला तो लगेच सापडतो. मंचावरही हेच होत होतं. योगेंद्र बघत होता कंडक्टरकडे, पण त्याचा स्वतःचा हात कानाची वाट बघत होता.

मास्तरांनी हेडफोन मागून घेतला. डोळे मिटून ऐकलं.

“आखो लाव.”

ज्योतीने परत लावलं. त्यांनी तीन वेळा ऐकलं, हेडफोन काढून तिच्या हातात दिला आणि क्लॅरिनेटची पत्ती जिभेने ओली करत बसले. शेवटी त्यांनी विचारलं, “मंग आते काय करशी?”

“न ऐकता मारायचं. हात दिसला की मारायचं.”

“न ऐकता वाजाडाले आपण काय डीजे शेतस का?”

रुपचंदभाऊ दारात उभे राहून हसले. योगेंद्रला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ज्योतीने दहा दिवसांची रजा टाकली. ती शेडच्या मध्यावर एका पेटीवर उभी राहून कंडक्टरसारखा पट्टीने हात द्यायची. मास्तर तिच्या हातावर वाजवायचे. योगेंद्रनेही तिच्याच हातावर मारायचं, क्लॅरिनेट कानात यायच्या आधी. टिंपनी तर नव्हती. एका जुन्या ढोलावर रबर बांधून त्याने काम भागवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण सतरा वर्षांची सवय हातात होती. पट्टी खाली यायची, हात निघायचा आणि पडता पडता हवेत थबकायचा. वडिलांचा सूर आला की मगच पडायचा. ज्योती हातातल्या मोबाइलवर आवाजाच्या रेषा बघून सांगायची, “मागे.” दहा वेळा मागे. वीस वेळा मागे.

चौथ्या दिवशी एक ठोका बरोबर पडला. योगेंद्र म्हणाला, “हा चुकला.”

“हा पहिला बरोबर आलाय, भाऊ.”

“कानाला घाणेरडा लागला.”

“लागू दे.”

अर्जाची शेवटची तारीख आली. मास्तरांनी सकाळी आरशावरचं कात्रण काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. योगेंद्र जेवून उठला आणि शेडवर गेला. मागोमाग मास्तर आले, क्लॅरिनेट जोडली आणि ज्योतीला म्हणाले, “दे हात.” त्या दिवशी दहातले सहा ठोके बरोबर आले. सहा म्हणजे चार चुकणार. मुंबईला ज्या संथ भागात एकशे बारा बार थांबायचं, तिथे एकच मारायचा होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो संथ भाग सुरू झाला आणि योगेंद्र मोजू लागला. प्रत्येक बारला अंगठा बोटाच्या एकेका पेरावर. चाळीस. साठ. सत्तरच्या पुढे कुठेतरी ‘एकाहत्तर’ दोनदा म्हटलं का, अशी शंका आली. नव्वदाव्या बारला बासरी येते हे त्याला माहीत होतं. ती आली. आकडा बरोबर होता. एकशे पाच. त्याने काठ्या उचलल्या. एकशे दहा. व्हायोलिन इतकी हळू झाली की आता त्यांची वाट बघायचा मोह आणखी वाढला. एकशे बारा. कंडक्टरचा हात वर गेला.

हात खाली आला, आणि योगेंद्रने मारलं.

त्याच्या कानात तो ठोका एकटा पडला. उघडा, सगळ्यांच्या आधी. व्हायोलिन मागून आली. गेलं, त्याला वाटलं, मी घाई केली. पण पुढचे बार मोजायचे होते. तो मोजत राहिला. त्याने तो सबंध कार्यक्रम असाच, प्रत्येक ठोका चुकतोय असं वाटत वाजवला.

सोनल मॅडम पडद्यामागे आल्या तेव्हा तो काठ्या पिशवीत भरत होता. मान वर करायची हिंमत झाली नाही.

“आज मी तुझी चूक शोधत बसले होते,” त्या म्हणाल्या. “सापडली नाही. फक्त एकशे तेराव्या बारचा ठोका जरा मोठा होता. ते बघू. सोमवारी ऑफिसात ये, वर्षभराच्या कराराचं बोलू.”

योगेंद्र आता त्या ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवतो. करार पुढच्या वर्षी वाढेल की नाही, हे माहीत नाही. पोलीस भरतीचं वय निघून गेलं. सुट्टीत तो चाळीसगावला येतो आणि लग्नात माणूस कमी पडला की पोटावर साइड ड्रम बांधून मागे चालतो. तिथे कानानेच वाजवावं लागतं, कारण गटारी अजून उघड्याच आहेत.

गेल्या महिन्यात एरंडोलच्या एका वरातीनंतर मास्तर मंडपाच्या कडेला चहा घेत बसले होते. योगेंद्र शेजारी बसला आणि एवढ्या दिवसांचं मनात असलेलं बोलायला गेला.

“नाना, त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही तीनदा ऐकलं…”

“चहा पी, निवस तो.”

योगेंद्र मला नंतर म्हणाला, नाना तीस वर्षांपेक्षा जास्त पुढे चालले. मागच्या ड्रमचा प्रत्येक ठोका त्यांच्या कानात उशिराच पडला असणार. ते ठोक्यासाठी क्षणभर जरी थांबले असते, तरी चाल चौकाचौकाला मंदावत गेली असती. ती एकाही वरातीत मंदावली नाही. याचा अर्थ ते आमचं ऐकून वाजवत नव्हते. मग तीस वर्षं नानांना आम्ही मागे पडलेले ऐकू येत होतो आणि ते गप्प राहिले, की पुढे चालताना आम्हाला ऐकायचंच त्यांनी सोडून दिलं होतं?