सुटी पानं

गल्लीत त्यांना सगळे बायंडरकाका म्हणत. वह्या-पुस्तकं शिवण्यात हयात गेली, पण हल्ली दुकानाकडे कुणी फिरकत नव्हतं. लेकीनं जुना कॉम्प्युटर दिला आणि काकांना ब्लॉग वाचायचा नाद लागला. कुणी रेडिओ दुरुस्त करतो, कुणी बटणं जमवतो, कुणी नुसतंच घरातलं रडगाणं लिहितो. आवडेल ते काका छापून आणत आणि बांधून ठेवत. “पडद्यावरच्या अक्षरांचा काय भरवसा!” म्हणत.

एका बाईंचा ब्लॉग मात्र सुटाच राहिला. खिडकीतल्या चिमण्यांवर त्या लिहीत. शेवटची नोंद होती, ‘सोमवारी ऑपरेशन. घरी आले की पिल्लांचं लिहीन.’ त्याला सात वर्षं झाली होती. काकांनी त्या नोंदीखाली विचारलं होतं, ‘पिल्लं उडाली का?’ वर्ष उलटलं, उत्तर नाही.

“अहो, बांधून टाका ना एकदाचं,” काकू करवादल्या.

“बांधलं की मग पान घालता येत नाही, कळतं का तुला?”

काकूंनी सुईत दोरा ओवून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

काकांनी पानं शिवायला घेतली. शेवटी एक कोरं पान घालायची बायंडरांची रीत असते. काकांनी दहा घातली.