घाट उतरून गेलेले विहिरीचे पाणी

सायकलवर फिरणाऱ्या मंडळींजवळ किस्से जमतात ते मडगार्डखालच्या चिखलासारखे. कोणी मुद्दाम जमवत नाही. एके दिवशी चाक अडखळू लागले की मग कळते, केवढा थर बसला आहे!

पुढचे किस्से मी प्रथम दिनकरमामांकडून ऐकले. माझी एम. ए.ची परीक्षा संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सांगलीला, विश्रामबागेत, त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मामा साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. पुढे साताऱ्याला गेलो असताना त्यांचे जुने सोबती अप्पा यांच्या दुकानात बसून तेच किस्से त्यांच्याही तोंडून ऐकले. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला, तिथे तो तसाच ठेवला आहे.

मंडळ तिघांचे होते. मामा, सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारे अप्पा, आणि श्रीपती. श्रीपती कृष्णाकाठच्या एका खेड्यातला, घरी उसाची शेती असलेला. पलटणीत गेला होता, आणि हाताला गोळी लागल्यामुळे लढाई संपण्याआधीच परत आला होता. रविवार आला की तिघे सायकली काढत.

*

अप्पांचा मैलांवर विश्वास नव्हता. बदली होऊन आलेल्या एका कारकुनाने एकदा दुकानात विचारले, "इथून वाई किती लांब पडेल हो?"

"दोन चहा, एक पंक्चर," अप्पा म्हणाले.

कारकून हसला. "बरं, आणि महाबळेश्वर?"

"ते अंतरात नाही मोजत. तिथं घरी सांगून जायचं!"

*

मामांनी एकदा भोवतालच्या रस्त्यांचे चढउतार कागदावर काढले. रंगकाम सुंदर झाले होते. अप्पांनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि एका टेकाडावर बोट ठेवले.

"मास्तर, हा चढ जाताना एवढासा दाखवलाय, आणि परत येताना डोंगराएवढा. चढ तर एकच आहे!"

मामांनी ते पुन्हा पाहिले. म्हणणे खरे होते. जातानाचा भाग सकाळी काढला होता, येतानाचा संध्याकाळी घरी पोचल्यावर. त्यांनी दुरुस्ती मात्र केली नाही. "दोन्ही मी पाहिले तसेच आहेत," असे ते मला म्हणाले.

*

त्या दिवसांत नवी ट्यूब मिळणे मुश्कील झाले होते. जुनी ट्यूब ठिगळांच्या पलीकडे गेली की अप्पा टायरमध्ये वाळलेले गवत ठासून भरत. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत, पण चाक फिरे.

एकदा सुटीत सांगलीहून तासगावला जाताना एका वडाखाली मंडळी टेकली. मामांच्या मागच्या टायरला चीर पडून गवताचे टोक बाहेर आले होते. शेजारी सोडलेल्या गाडीच्या बैलाने ते ओढले, चाखले, आणि मग निवांत खाऊ लागला. मामांनी पाहिले तेव्हा टायर अर्धा रिकामा झाला होता!

बैलाचा मालक धावत आला. मामा संतापून त्याला काही बोलणार, तोच त्याने सायकलकडे नीट वाकून पाहिले.

"आवं पावनं, ही सायकल हाय का गव्हाण?"

*

ब्रेकची रबरेही मिळेनाशी झाली होती. घाट उतरताना तिघेही माथ्यावर झाडाची फांदी तोडून ती दोरीने सायकलमागे बांधत. फांदी रस्त्यावर घासत राहते आणि वेग आवरतो. पायथ्याशी फांद्या सोडून पुढे जायचे, ही रीत.

पसरणीच्या घाटात एकदा अप्पांनी जवळ दिसली ती फांदी तोडली. ती बाभळीची होती. अप्पा झोकात पुढे उतरले. मागून येणाऱ्या मामांची आणि श्रीपतीची दोन्ही चाके त्यांनी वाटभर पेरलेल्या काट्यांवरून आली.

पायथ्याशी श्रीपती सायकल हातात धरून पोचला. "अप्पा, गड्या, गिऱ्हाईक न्हाई म्हनून आमाला धरलंस व्हय रं?"

तिथे एक म्हातारी या फांद्या सरपणाला नेत असे. तिने बाभूळ पाहून तोंड वाकडे केले आणि मामांना बजावले, "पुढल्या बारीला जरा जाड आना. माझ्याकडं पावनं येनार हायती!"

*

श्रीपतीला गावात सगळे एकच विचारत : समुद्र कसा असतो? तो हात पसरून सांगे, "लय मोठा." खरी गोष्ट त्याने फक्त या दोघांना सांगितली होती.

"आमाला बोटीच्या पोटात घातल्यालं. सगळी वाट मी वकत पडलो हुतो. चढलो तवा अंधार, उतरलो तवा अंधार. आन् येताना तर जखमी मानसांत आडवाच. म्या समुद्र बघितलाच न्हाई!"

अप्पा खो खो हसले. श्रीपतीही हसला. मग म्हणाला, "माझा धाकटा भाव बघत ऱ्हायलाय तेवढा."

धाकटा भाऊ जगू त्याच्यामागून पलटणीत गेला होता. त्याची बोट पोचलीच नाही.

*

जगूची बातमी आल्यावर आईने रडून घेतले आणि कामाला लागली. पुढे कधीतरी कोणीतरी तिला सांगितले की समुद्राचे पाणी खारट असते, पिता येत नाही. तेव्हापासून तिचे अन्नावरचे मन उडाले. ती श्रीपतीला पुन्हा पुन्हा विचारी, "येवढं पानी, आन् पोराला घोटभर प्यायला न्हाई?"

शेवटी तिने श्रीपतीची खाकी वेष्टणाची फौजी बाटली आपल्या विहिरीवर भरली, बूच घट्ट लावले आणि त्याच्या हातात दिली. "त्याला नेऊन दे. आपल्या हिरीचं हाय म्हनावं."

कोळशाच्या गॅसवर कशाबशा चालणाऱ्या मोटारी त्या बाजूला जात, पण श्रीपती म्हणाला, "मोटारीत मानसं इचारत्यात, बाटलीत काय हाय. सायकलला कोन इचारतंय?" अप्पांनी तिन्ही सायकली स्वतः तपासल्या. कऱ्हाडवरून पाटण, तिथून कुंभार्ली घाट, चिपळूण आणि शेवटी गुहागर, असा बेत ठरला.

बाटलीत काय आहे हे मामांना माहीत होते. अप्पांना सांगायचे मात्र राहून गेले होते.

वैशाखातले ऊन. घाटमाथ्यावर अप्पा सर्वांआधी पोचले. मागून आलेला श्रीपती सायकल टेकवून फांदी तोडायला गेला, आणि मामा अजून शेवटच्या वळणावर होते. मामा वर आले तेव्हा अप्पा रिकामी बाटली तोंडापासून काढत होते.

"वा! पाणी गोड आहे रे श्रीपती, कुठलं?" अप्पांनी विचारले.

श्रीपती फांदी हातात घेऊन उभा राहिला. आता हा अप्पांना मारतो, असे मामांना वाटले. श्रीपतीने खाली पसरलेल्या कोकणाकडे एकदा पाहिले आणि फांदी टाकून दिली.

"बरं झालं," तो म्हणाला. आणि सायकल वळवून परत निघाला.

अप्पांना खरे काय ते परतीच्या वाटेवर कळले. त्यानंतर कऱ्हाड येईपर्यंत त्यांनी पाण्याला तोंड लावले नाही.

*

पावसाळा गेला. आईने बाटली पुन्हा भरून ठेवली होती. श्रीपती आज-उद्या करत होता. एका सकाळी अप्पा स्वतः त्याच्या दारात सायकल घेऊन उभे राहिले.

"चल."

"पाय दुकतोय, अप्पा."

"दुखू दे. घाटावर मी पाणी प्यालो, तेव्हा तुझ्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलंय. तुला हलकं वाटलं होतं."

श्रीपती उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "ह्ये नेऊन दिलं की संपलं, अप्पा. मग तो हाय असं म्हनायला काय ऱ्हातंय?"

आतून आई बाटली घेऊन आली, आणि श्रीपती उठला.

मामाही बरोबर होते. या खेपेला तिघे घाट उतरले. चिपळूण मागे पडल्यावर जांभ्याचे लाल रस्ते सुरू झाले : टेकाड चढायचे, उतरायचे, पुढे पुन्हा तसेच टेकाड. अप्पा म्हणाले, "मास्तर, इथला नकाशा तुम्ही काढूच नका!" प्रत्येक माथ्यावर श्रीपती मान वर करून पाही आणि पुन्हा खाली घाली.

गुहागरला पोचले तेव्हा ऊन कलले होते. सायकली वाळूत चालेनात. मामा आणि अप्पा सुरूच्या झाडांपाशी थांबले. श्रीपती बाटली घेऊन एकटाच पुढे गेला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला, मग वाकला. त्याची पाठ या दोघांकडे होती. मामांना वाटले, त्याने घोटभर पाणी ओतले आणि बाकीचे ठेवले. अप्पांना वाटले, त्याने ते सगळे ओतून बाटली समुद्राच्या पाण्याने भरून घेतली. परत आला तेव्हा तिला बूच लावलेले होते आणि ती जड दिसत होती. दोघांनीही विचारले नाही.

गावी आई अंगणात वाट पाहत होती.

"भेटला?"

"भेटला, आये."

"पानी दिलंस?"

"दिलं."

तिने बाटली हातात घेऊन हलवली. आत पाणी होते. "मग ह्ये का ऱ्हायलं?"

"तुला ठेवलंय म्हनला," श्रीपती म्हणाला.

आईने बूच काढले आणि बाटली तोंडाला लावली. मामा आणि अप्पा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिने न थांबता सगळे पाणी संपवले, पदराने तोंड पुसले.

"गोड हाय," ती म्हणाली. "जा, हातपाय धुवा. भाकरी टाकते तुमास्नी. मला बी भूक लागलीया."

बाटलीत त्या वेळी कोणते पाणी होते, हे मला खात्रीने ठरवता आलेले नाही. मामा विहिरीचे म्हणतात, अप्पा समुद्राचे म्हणतात. मी श्रीपतीच्या गावी जाऊन त्यालाही विचारले. तो म्हणाला, "आयनं सांगितलं न्हवं, गोड हाय म्हनून?"