उताऱ्याशिवायचे प्रश्न

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, मदन महल स्टेशनच्या बाजूला एका मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. कॉलेज सुटलं की मी तिथे काम करायला जातो. परदेशात इंग्रजी शिकणाऱ्या लोकांसाठी तिथे सराव परीक्षा तयार होतात. हे लोक नेमके कुठले, ते मला नीटसं माहीत नाही. हे काम चालवणाऱ्या मॅडम कधी व्हिएतनाम म्हणतात, कधी ब्राझील. आम्ही व्याकरणाचे प्रश्न करतो, शब्दांचे करतो, आणि छोटे उतारे लिहून त्यांच्याखाली प्रश्न घालतो. उताऱ्यातल्या माणसांचं तसं बरं चाललेलं असतं. कुणी सायकल विकत घेतं, कुणाची बस चुकते, कुणी शेजाऱ्यांची मांजर सांभाळतं. आजारपण, मरण, देवधर्म उताऱ्यात घ्यायचा नाही असा नियम आहे. परीक्षा देणाऱ्याचं मन भलतीकडे जायला नको.

मॅडम पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मला कामावर घेताना त्या म्हणाल्या होत्या, "बेटा, होशियार हो इसलिए नहीं रख रही, बुरा मत मानना. तुम्हारी अंग्रेजी एकदम बीच की है. न पूरी आती है, न ऐसा कि आती ही नहीं. ऐसा आदमी ढूंढे नहीं मिलता."

मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि इंग्रजी घेऊन बी. ए. करतो याचं घरी फार कौतुक. पण मॅडम खरं तेच बोलत होत्या, त्यामुळे मी मान हलवली.

तिथलं माझं मुख्य काम जरा विचित्र आहे. नवा उतारा तयार झाला की त्याचे प्रश्न आधी माझ्याकडे येतात, उतारा मात्र येत नाही. तो न वाचताच मी उत्तरं द्यायची. समजा, प्रश्न असा आहे की त्या बाईनं छत्री का घेतली? खाली चार उत्तरं दिलेली असतात आणि त्यातलं एक पावसाचं. मी पावसावर खूण करतो आणि ते बरोबर निघतं. मग मॅडम तो प्रश्न खोडतात. उतारा न वाचता जो सुटतो, त्यातून वाचता येतं की नाही हे कळत नाही. सगळी बरोबर उत्तरं एकाच अक्षराची, समजा 'बी'ची, झाली तरी त्या ओरडतात, कारण मग डोळे मिटून तेच अक्षर भरणारा माणूससुद्धा पास होतो. कुणी उत्तरच दिलं नाही तर ते त्या वेगळं मोजतात. "गलत करने वाला अलग आदमी है और छोड़ने वाला अलग," असं त्या एकदा सांगत होत्या. मी ऐकून घेतलं. त्या वेळी ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

घरी बाबांना हिवाळ्यात लकवा मारला होता.

बाबा शहराच्या टोकाला, रांझीच्या फॅक्टरीत मशीनवर होते. आम्ही फॅक्टरीच्याच क्वार्टरमध्ये राहतो. हळूहळू त्यांचा पाय सुधारला, हातही बराचसा वर यायला लागला. बोलणं मात्र गेलं. दोनच शब्द राहिले, 'हो' आणि 'चलो'. आई दिवसभर त्यांच्याशी बोलायची. चहाचा कप पुढे करून विचारायची, "चहा घेता ना?" बाबा म्हणायचे, "हो." खिडकीपाशी जाऊन, "बंद करू ना? वारा येऊन राहिला." "हो." शेजारचे काका, बाबांच्याच सेक्शनमधले, रविवारी येऊन बसायचे आणि बाबांच्या मांडीवर थाप मारून म्हणायचे, "काय भैया, आराम चालू आहे? आम्ही मरून राहिलो तिकडे!" बाबा हसायचे. "हो, चलो." काका जाताना आईला सांगायचे, "वहिनी, सगळं समजते त्यांना. फक्त तोंडातून निघत नाही."

आईचाही तोच विश्वास होता. मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे त्या महिन्यांत मला फारसं काही वाटत नव्हतं. बसमध्ये बसायचो, उतरायचो, उत्तरांवर खुणा करायचो, घरी येऊन बाबांचा हात कोमट पाण्यात धरायचो. सगळं जाड पांघरुणातून चालल्यासारखं होतं.

मग फॅक्टरीच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टर तपासणार आणि फिट म्हणाले तर बाबांना हलकं काम मिळणार. मशीनवर नाही, टूल स्टोअरच्या खिडकीत बसायचं. कामगार येऊन जे हत्यार मागेल ते काढून द्यायचं. फिट नाही म्हणाले तर आज ना उद्या नोकरी सुटणार, मग क्वार्टर सोडावं लागणार, आणि मला कॉलेज सोडून दिवसभराचं काम शोधावं लागणार. हे शेवटचं घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आईनं बाबांची तयारी सुरू केली. सकाळी अंघोळ झाली की त्यांना खुर्चीत बसवून समोर उभी राहायची.

"डॉक्टरसाहेब विचारतील, तब्येत बरी आहे ना? काय सांगाल?"

"हो."

"शाब्बास. कामावर जायचं ना?"

"हो."

"हात वर करा पाहू." हे म्हणताना ती स्वतःचा हात वर करायची. बाबाही करायचे.

रोज तेच प्रश्न, त्याच क्रमानं. मी शर्टाची बटणं लावत ऐकायचो. छत्रीचा प्रश्न होता हा. उतारा वाचायची गरजच नव्हती. कप समोर असायचा, आईचा हात वर गेलेला असायचा, आणि तिच्या आवाजातच 'हो' होता.

एका सोमवारी आई नर्मदेवर, ग्वारीघाटाला गेली. घरात बाबा आणि मी दोघंच. मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसलो. हात मांडीखाली दाबून धरले. आवाज सपाट ठेवला, मॅडम परीक्षेच्या सूचना वाचतात तसा.

"बाबा, आपण रांझीत राहतो का?"

"हो."

"आपण नागपूरला राहतो का?"

"हो."

"मी तुमचा मुलगा आहे का?"

"हो."

"मी तुमचा भाऊ आहे का?"

ते माझ्याकडे बघून छान हसले. "हो."

हिंदीतही विचारून पाहिलं, कारण त्यांचं सगळं आयुष्य फॅक्टरीत हिंदी बोलण्यात गेलं होतं. घरातली भाषा गेली असेल आणि ती उरली असेल, असं मनात आलं होतं. पण तिथेही 'हो'च. मी थांबलो. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. ऑफिसात एखादा प्रश्न बाद झाल्यावर मी जसा पुढच्याकडे वळतो, तसा उठलो आणि त्यांच्यासाठी पाणी आणलं.

आई आली. तिनं बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं, माझ्या हातावर प्रसादाची चिरंजी ठेवली. मी तेव्हाच सांगून टाकलं.

"आई, ते सगळ्यालाच हो म्हणतात. मी उलटं विचारून बघितलं."

"उलटं म्हणजे?"

मी सांगितलं. नागपूर, भाऊ, सगळं. ती पिशवी तशीच हातात धरून उभी राहिली.

"तू बापाची परीक्षा घेऊन राहिला काय?"

"परीक्षा नाही गं..."

"मग काय? त्या इंग्रजीवाल्या चाली घरात काहून आणतो? आणि ऐक. लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी नाही म्हटलं नाही. साडी घेऊ का, हो. माहेरी जाऊ का, हो. तुझी आत्या वर्षभर इथे राहून गेली, तेव्हाही हो. आता काहून नाही म्हणतील?"

बाबा तसेच होते, हे खरंच होतं. त्यांचं आधीचं 'हो' आणि आताचं 'हो' वेगळं कसं करायचं, हे मॅडमनं शिकवलेलं नव्हतं.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. आईनं बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन लावलं होतं. डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते. बाबांना बघून खुर्चीतून अर्धे उठले.

"आइए दादा! घर में मन नहीं लग रहा क्या?"

"हो."

"देखो, कैसे हंस रहे हैं. हाथ उठाइए जरा." त्यांनी हात वर केला. बाबांनीही केला.

"वाह. ड्यूटी करेंगे?"

"हो."

"खिड़की पर बैठके सामान पकड़ा देंगे लड़कों को?"

"हो. चलो."

डॉक्टर हसले. आईही हसली, मला वाटतं कितीतरी दिवसांनी. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. त्या क्षणी मला टूल स्टोअरची खिडकी दिसली. बाहेर कुणीतरी हत्यार मागतोय, आत बाबा 'हो' म्हणताहेत आणि हसताहेत, आणि मागे रांग वाढतेय. मग कुणीतरी ओरडतं. मला वाटतं, ते ओरडणंच मला ऐकू आलं.

"सर," मी म्हणालो, "एक बार ऐसा कुछ पूछिए जिसका जवाब 'नहीं' हो. और... हाथ से मत दिखाइए."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं. मग पेन खाली ठेवलं. टेबलावर किल्ली, चष्म्याचं घर आणि टॉर्च असं ओळीनं मांडलं. दोन्ही हात मागे घेतले.

"दादा, चाबी दीजिए."

बाबांनी टेबलाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, मग आईकडे. आईचे हात मांडीवर होते. बाबांनी टॉर्च उचलून दिला. देताना ते हसत होते.

"और अब चश्मे का घर?"

त्यांनी परत टॉर्चच दिला.

डॉक्टर हळू आवाजात आईला म्हणाले, "अभी नहीं, माताजी. अभी छुट्टी चलने दीजिए. कुछ महीने बाद फिर देखेंगे. बोली सुधारने वाली एक मैडम बैठती हैं, उनको दिखाइए." आई "जी" म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा फॅक्टरीचा भोंगा झाला. बाबा थांबले. त्यांचा डावा हात खांद्यापाशी गेला, जिथे डब्याच्या पिशवीचा पट्टा असायचा, आणि तिथे काही सापडेना. "चलो," ते म्हणाले. हे समजण्यात मोडतं की नाही, मला माहीत नाही. भोंगा म्हणजे समोर धरलेला कपच एक प्रकारचा. आईनं त्यांचा हात खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला आणि ऑटोवाल्याला हाक मारली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आई, मी..."

"जेवून घे," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस तसेच गेले. ऑफिसात मी मॅडमना विचारलं, पुढे दिवसभराचं काम मिळेल का. त्या म्हणाल्या, "पहले बी. ए. पूरा करो. फिर तो तुम्हारी अंग्रेजी बिगड़ जाएगी, मेरे काम की नहीं रहेगी." त्यांनी विनोद केला होता. मी हसलो का, आठवत नाही. आता खुणा करताना माझा हात पूर्वीपेक्षा हळू चालत होता, एवढं आठवतं.

एका सकाळी मी निघण्याच्या तयारीत होतो. बाबांची अंघोळ झाली होती, ते खुर्चीत होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि मग मला म्हणाली, "ये इकडे. सांग, कसं विचारायचं असते ते."

मी सांगितलं. हात दिसू द्यायचे नाहीत. आवाज वर न्यायचा नाही. कधी खरं विचारायचं, कधी खोटं. आणि हसायचं नाही.

"हसायचंही नाही? बापरे," ती म्हणाली. पण तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि चेहरा कोरा केला. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बाबांनीही बहुतेक नसेल.

"मी तुमची बायको आहे काय?"

"हो."

"मी तुमची बहीण आहे काय?"

बाबांनी तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पदराकडे, जिथे हात असायला हवे होते. आम्ही वाट पाहिली. गॅसवर दूध चढत होतं, आई हलली नाही. बाबांचे ओठ थोडे हलले आणि पुन्हा मिटले. 'हो' आलं नाही. 'चलो'ही आलं नाही. ते हसलेही नाहीत.

दूध उतू गेलं. आई धावली नाही, चालतच गेली आणि गॅस बंद करून आली.

"हे काय झालं? बरोबर का चूक?"

"बरोबर नाही," मी म्हणालो. "पण चूकही नाही. त्यांनी सोडून दिला प्रश्न."

"सोडलेला चालते काय तुमच्याकडे?"

"वेगळा मोजतात."

"चलो," आई म्हणाली. ओल्या फडक्यानं ओटा पुसला, फडकं पिळून ठेवलं, हात परत पदराखाली घेतले आणि बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. मला बसला उशीर होत होता. मी स्टूल ओढून बसलो.