मेव्हण्याने आणलेला स्टिअरिंगचा दांडा

आमच्या हचिन्सन गावात ऑर्विल स्टकीइतका संशयी माणूस दुसरा नाही. डझनभर अंडी घेतली तरी एकेक उजेडात धरून बघेल, मग डबा मिटेल. पण गाड्यांच्या बाबतीत मी त्याला हसत नाही. त्याचा थोरला भाऊ रॉय एकसष्ट साली समोरासमोरच्या धडकेत गेला. जुन्या गाडीचा स्टिअरिंगचा अखंड दांडा छातीत घुसला होता.

आता ऑर्विल स्वतः चौतीस सालच्या गाडीची हॉट रॉड करत होता. वरचा सांगाडा जुना, खाली सगळं नवं, इंजिन दणदणीत. चालवणार होती त्याची लेक लोरीन. म्हणून त्याला धडक बसताच आखडणारा दांडा हवा होता. लोरीनला खोक्यावर बसवून, हातात झाडूची काठी देऊन त्याने कोन ठरवला. माप आलं तीस इंच. मग जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन अकरा दांडे नाकारून आला.

बारावा डेलने आणला. डेल प्रुइट त्याच्या बायकोचा भाऊ, आणि खरं सांगायचं तर ऑर्विलचा एकुलता एक मित्र.

"एका मास्तरणीच्या जपून चालवलेल्या गाडीतून काढलाय. कधी ओरखडा नाही बघ."

"बाजारात सगळ्याच गाड्या मास्तरणींच्या असतात," ऑर्विल म्हणाला.

त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. या दांड्यातल्या दोन नळ्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी धरलेल्या असतात. अपघातात खुंट्या तुटतात आणि दांडा आत सरकतो. पण लबाड लोक तो परत ओढून, रंग मारून विकतात. ऑर्विल दांडा खोलायला बसला. वरचं स्टिअरिंगचं चाक निघेना, तेव्हा त्याने आतल्या शाफ्टच्या टोकावर हातोड्याचे चार ठोके घातले. जुन्या अखंड दांड्यांना जन्मभर तसंच करत आला होता. चाक निघालं आणि मागोमाग प्लास्टिकचे तुकडे जमिनीवर पडले.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे डोनटच्या दुकानात बसलो होतो. ऑर्विलने दांडा आणि तुकडे डेलसमोर आदळले.

"माझ्या पोरीला मारायला निघाला होतास काय रे?"

डेलने दांडा उचलून वरचं टोक पाहिलं, खाली ठेवला आणि अर्धी कॉफी टाकून निघून गेला. मला ते पाप कबूल केल्यासारखं वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो बहिणीच्या घरी जेवायला फिरकला नाही. उरलेली टर्की आठवडाभर ऑर्विलच्याच पानात पडत राहिली.

ऑर्विलने कोरा दांडा मागवला. तो बसवताना मी हाताशी होतो, आणि सांधे जुळवायला लोरीन आली. ती कारखान्यात लेथवर काम करते, नजर पक्की. कोपऱ्यातला डेलचा दांडा तिने हातात घेतला.

"बाबा, याच्या टोकावर हातोडा कुणी मारला?"

"मीच. चाक निघत नव्हतं."

"अहो, याला पुलर लावून चाक ओढून काढतात! ठोक्यानेच खुंट्या तुटतात."

"आधीच तुटलेल्या असतील."

"मग मोडलेल्या जागी जुनं ग्रीस दिसलं असतं. हे बघा, पांढरंशुभ्र आहे. ताजं मोडलंय."

ऑर्विलने तुकडा उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग गाडीची किल्ली घेतली आणि मला म्हणाला, "चल." एकट्याने जायची त्याला भीती वाटत होती.

डेल अंगणात पडलेली पानं दाताळ्याने ओढत होता.

"खुंट्या मी तोडल्या," ऑर्विल म्हणाला. "चुकलो मी."

"माहीत आहे. टोक ठेचलेलं त्याच दिवशी दिसलं मला."

"मग चारचौघांत बोलला का नाहीस?"

डेलने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"विश्वास ठेवला असतास?"

ऑर्विल दुकानदाराशी खोटं बोलेल, माझ्याशीही बोलेल. डेलशी त्या दिवशी त्याला खोटं बोलता आलं नाही.

"नाही," तो म्हणाला.