तुळई कुणाच्या पडावातून आली

आमच्या मशिदीत मोठ्याने बोलायला बंदी होती आणि माझ्या आईला हळू बोलता येत नसे. त्यामुळे तिचं आणि मुकादमांचं कधी जमलंच नाही. मुकादम म्हणजे मशिदीचा कारभार बघणारे आमच्यातले वडीलधारे.

आम्ही बेने इस्रायली, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आमच्या प्रार्थनेच्या घराला सगळं पनवेल मशीदच म्हणायचं आणि आम्हीही तेच म्हणायचो. जाडजूड भिंती, माणूस आत उभा राहील एवढ्या खिडक्या, बायकांसाठी वरती सज्जा आणि छताला काचेच्या हंड्या. तेवढी देखणी इमारत तेव्हाच्या पनवेलात दुसरी नव्हती. कुणाला पटत नसेल तर न पटो.

पन्नास साल उलटलं आणि आमची घरं रिकामी होऊ लागली. आज हा इस्रायलला निघाला, उद्या तो. माझे दोन्ही भाऊ गेले. वडील आधीच वारले होते, पण आई काही हलेना. अशात मुकादमही निघायच्या तयारीला लागले आणि त्यांनी ठरवून टाकलं, मशिदीला कुलूप लावायचं. हाताने लिहिलेले आमचे पवित्र ग्रंथ आणि हंड्या मुंबईच्या मशिदीत पाठवायच्या. मागे लक्ष ठेवायला कोण आहे, असं त्यांचं म्हणणं.

"अख्खं पनवेल आहे की," आई म्हणाली.

"परक्यांना तिचं काय पडलंय, बाई?"

घरी येऊन आई ढसाढसा रडली. "तिलाच कुलूप लागलं तर मी मागे राहिले ते कशाला गं?" एवढंच म्हणत राहिली. मी मॅट्रिक झालेली घोडी, पण मीही तिच्याबरोबर रडत बसले.

आमचा एक उपवासाचा सण असतो, दारफाळणीचा. त्या दिवशी आम्ही दारं लावून घेतो, बाहेरच्या कुणाला शिवतही नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. मग दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. त्या वर्षी शिळ्या सणाला आईने मशिदीचंच दार सताड उघडलं. त्याआधी ती बाजारात, मिठागरांवर सगळीकडे सांगत फिरली होती, "मशीद बघायला या. डोकं झाकून या."

मुकादमांना वाटलं, येतील चारदोन रिकामटेकडे. सकाळीच अंगण भरलं. गावोगावच्या आगरी बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या. आमच्या शाळेचे मास्तर बोडके आले होते, त्यांनी रुमाल बांधला. आईने मधोमध उभं राहून इतिहास सांगायला घेतला. कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली माणसं, त्यांनी धरलेला तेलाचा घाणा, तो शनिवारी बंद ठेवायचे म्हणून पडलेलं शनिवार तेली हे नाव. मग तिने वर बोट केलं. "आणि ही तुळई बघा. एका सागाची. खाडीतून, मालाच्या होडीत घालून आणली."

"माज्या आजाच्या पडावातून आली ती," कामोठ्याची एक म्हातारी म्हणाली.

"तुज्या आजाकडं पडाव कवा व्हता?" उरणकडची दुसरी म्हातारी उसळली. "आमच्या पडावातून आली. आमच्या घरात समद्यांना ठाव हाय."

झालं. दोघींच्या बाजूने माणसं उभी राहिली. कुणाच्या आज्याने पडावाला नारळ वाहिला, कुणाचा खांदा तुळईखाली निखळला, सगळं निघालं. मुकादम "हळू, हळू" करत राहिले, त्यांना कुणी विचारलं नाही. मला तर हसू आवरेना.

"कशाला भांडता?" आई अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली. "हिला आता कुलूप लागणार. हंड्या मुंबईला चालल्या."

दोघी म्हाताऱ्या एकदम मुकादमांकडे वळल्या.

"आमची तुळई हाय वर," कामोठ्याची म्हणाली. "कुलूप लावनारा तू कोन?"

"आमाला इचारलंस?" उरणची म्हणाली.

मुकादमांना आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तुळईकडे पाहिलं, त्या गर्दीकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत ते आईसमोर येऊन उभे राहिले. एवढा मानी माणूस, पण त्यांनी हात जोडले.

"राहू दे सगळं इथंच. उद्यापासून मशीद तुम्ही सांभाळा, बाई."

आमच्या मशिदीत बाईमाणसाला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आईने पदर सारखा केला.

"उद्यापासून कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही जरा बाजूला व्हा, मागच्यांना दिसत नाहीये."